विषाणू सापडला, पुढे काय?

1964 साली तमिळनाडूतल्या वेल्लोर परिसरात जपानी मेंदूज्वराचा माग काढणाऱ्या संशोधकांना एका चिचुंद्रीत अनोळखी विषाणू मिळाला. भिंतीच्या कडेकडेने चीं चीं करत पळणाऱ्या आणि मागे उग्र दर्प सोडणाऱ्या या प्राण्याला आपण उंदरांत धरतो. प्रत्यक्षात तो किडे खाणाऱ्या वेगळ्या कुळातला. विषाणूला ‘तोट्टपालयम’ हे नाव मिळाले आणि तो डासां-गोचिडींमार्फत पसरत असावा, अशी नोंद झाली.

अंदाज चुकला होता. 1978 साली हो वांग ली यांनी कोरियातल्या शेतांतील उंदरांत सापडलेला हंतान विषाणू जगापुढे मांडला. कोरियन युद्धात हजारो सैनिकांना आलेल्या रक्तस्रावी तापाचे मूळ त्यात होते. वेल्लोरचा विषाणू याच हंता कुळातला, हे मात्र 1980चे दशक सरता सरता कळले. तो हाती आधी आला होता, पण ताडून पाहायला जवळ काही नव्हते.

आता शोधाचे काम वेगवान झाले आहे. संध्याकाळी पिंजरे लावायचे, पहाटे उचलायचे, घशाचे आणि फुप्फुसाचे नमुने घ्यायचे, मग जीनोम सिक्वेन्सिंग, म्हणजे जनुकीय क्रमाचे वाचन करायचे. एकाच मोहिमेत अनेक नवे विषाणू नोंदले जातात आणि बातमी होते. पण असा क्रम म्हणजे आजार नव्हे. विषाणूला माणसाच्या पेशीत शिरावे लागते, प्रतिकारशक्तीला चुकवून वाढावे लागते आणि साथ व्हायची तर एकाकडून दुसऱ्याकडे जावे लागते. बहुतेक विषाणू पहिल्याच पायरीवर अडतात. कोणते अडतील, हे नुसत्या क्रमावरून खात्रीने सांगता येत नाही.

चीनमधल्या लांग्या विषाणूचा शोध उलट दिशेने लागला. प्राण्यांशी संबंध आलेल्या तापाच्या रुग्णांवर तिथे नियमित पाळत होती. शांडोंग प्रांतातल्या एका महिलेच्या घशातल्या नमुन्यात निपाहचा हा नातलग दिसला. पुढे शांडोंग आणि हेनानमध्ये 35 रुग्ण आढळले. बहुतेक शेतकरी, मृत्यू एकही नाही. त्यानंतर 25 जातींचे छोटे रानटी प्राणी तपासले गेले आणि 262 चिचुंद्र्यांपैकी 71 मध्ये विषाणूचे अंश मिळाले. 2022 साली हे प्रसिद्ध झाले, तेव्हा रुग्ण, लक्षणे आणि संभाव्य वाहक यांचा धागा जुळलेला होता.

आमच्या मते पैसा आणि माणसे आधी रुग्णांपासून सुरू होणाऱ्या या दुसऱ्या वाटेला लावावीत. प्राण्यांची पाहणी हवीच. माकडतापाच्या विषाणूच्या चक्रातही उंदीर आणि चिचुंद्र्या आहेत. 2016 साली दोडामार्ग तालुक्यातला ताप माकडताप म्हणून ओळखता आला, कारण 1957 पासून माहीत असलेल्या या विषाणूची चाचणी पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेत होत होती. अनोळखी तापाला मात्र ग्रामीण रुग्णालयात ‘व्हायरल’ म्हटले जाते, गोळ्या मिळतात आणि रुग्ण घरी जातो. त्यातल्या निवडक रुग्णांचे नमुने शीतपेटीत जपून ठेवले आणि शेत, गोठा, उंदीर यांच्याशी आलेला संबंध केसपेपरवर लिहिला, तर पिंजऱ्यात सापडलेला विषाणू कशाशी ताडून पाहायचा, हे तरी ठरेल.