घरच्या पोरांचा वारसा
एडिनबरात जुन्या ब्रिटिश रॉकचा विषय निघाला की बीटल्स, लेड झेपलिन, पिंक फ्लॉइड बिनविरोध निवडून येतात. जुंपते ती घरच्या पोरांवरून. बे सिटी रोलर्स मूळचे इथल्याच डॅलराय भागातल्या लाँगम्युअर बंधूंचे. थोरला अ‍ॅलन नळकाम शिकलेला. 1975 मध्ये त्यांचं ‘बाय बाय बेबी’ सहा आठवडे अव्वल राहिलं आणि ब्रिटनमध्ये त्या वर्षी सर्वाधिक खपलं. आखूड विजारी, त्यांना टार्टनची किनार, मनगटाला बांधलेला त्याच चौकड्यांचा स्कार्फ. मुली अक्षरशः वेड्या झाल्या. जाणकार अजून नाक मुरडतात: गाणं मुळात फोर सीझन्सचं, हा कसला रॉक? असेल बाबा. पण 1964 मध्ये लोदियन रोडवरच्या एबीसी थिएटरात बीटल्स आले, तेव्हा किंचाळत कोण होतं? मुलीच ना! बीटल्सना पुढे विद्वान भेटले, रोलर्सना नाही, एवढाच फरक, असं म्हणणार नाही. बीटल्सनी गाणी स्वतः रचली, हा फरक मोठाच आहे. क्वीननं 1976 मध्ये इथलं प्लेहाउस गाजवलं, आणि त्यांचा गायक फ्रेडी आपल्या पाचगणीत शिकलेला, त्यामुळे माझं मत कुठे पडणार हे उघड आहे. तरी ज्या गाण्यावर अख्ख्या शहराच्या मावश्या आजही उठून नाचतात, त्याला यादीबाहेर ठेवायचा हक्क या रेकॉर्डी जमवणाऱ्या काकांना दिला कुणी?