धावपट्टी म्हणजे गावची पांदण नव्हे

२६ एप्रिल १९९३ हा दिवस मराठवाड्यातल्या जुन्या वाचकांच्या अजून ध्यानात असेल. औरंगाबादच्या चिकलठाणा विमानतळावरून मुंबईकडे निघालेले इंडियन एअरलाइन्सचे बोइंग ७३७ विमान धावपट्टी संपता संपता कसेबसे उचलले गेले. धावपट्टीच्या टोकापलीकडे बीडचा रस्ता होता आणि त्या रस्त्यावरून कापसाच्या गाठी भरलेला एक ट्रक चालला होता. विमानाचे डावीकडचे चाक आणि डाव्या इंजिनाचा खालचा भाग ट्रकला धडकला. पुढे सुमारे तीन किलोमीटरवर ते विजेच्या तारांना लागून कोसळले. विमानात ११८ माणसे होती, त्यातली ५५ गेली.

चौकशीत दोन गोष्टी निघाल्या. एक, वैमानिकांनी विमान उचलायला उशीर केला आणि उचलण्याची रीतही चुकली. दुसरी, विमानाच्या वेळेत बीड रस्त्यावरची वाहतूक आवरण्यात त्या वेळचे राष्ट्रीय विमानतळ प्राधिकरण कमी पडले. पहिली चूक वैमानिकांची, त्याबद्दल आपण खेड्यातल्या माणसांनी काय बोलावे? पण दुसरी चूक आपल्याला चांगली कळते. रेल्वेचे फाटक आपण रोज बघतो. जिथे फाटक सिग्नलला जोडलेले नसते तिथे स्टेशन मास्तर गेटमनला फोन करतो. गेटमन फाटक लावतो आणि आपल्याकडचा खाजगी नंबर मास्तरला सांगतो. तो नंबर वहीत चढल्याशिवाय गाडी पुढे जात नाही. म्हणजे नुसते "लावलं हो फाटक" एवढ्यावर भागत नाही, त्याचा पुरावा द्यावा लागतो. साध्या पॅसेंजरसाठी एवढी काळजी, मग विमानासाठी किती हवी?

आज हे सगळे सांगायचे कारण असे, की आता जिल्ह्याजिल्ह्यात विमान येऊ लागले आहे. १६ एप्रिल २०२५ रोजी अमरावतीजवळच्या बेलोऱ्याहून मुंबईची प्रवासी सेवा सुरू झाली. धुळे, गोंदिया इथे शिकाऊ वैमानिकांची विमाने उडत आली आहेत. आणखी कितीतरी गावे "आमच्याकडं विमान कधी?" म्हणून विचारत आहेत. विचारावे, त्यात गैर काहीच नाही. पण धावपट्टीची लांबी, इमारतीचा खर्च आणि उद्घाटनाला कोण येणार यावर जेवढी चर्चा होते, तेवढी एका साध्या प्रश्नावर होत नाही. धावपट्टीवर या घडीला कोण आहे हे कोणाला ठाऊक असणार? आणि ते तो कोणाला सांगणार?

लहान विमानतळाची एक अडचण मोठ्या शहरातल्या माणसाच्या लक्षात येत नाही. मोठ्या विमानतळावर धावपट्टीला लागून दुसरा समांतर रस्ता असतो. विमान उतरले की त्या रस्त्याने बाजूला होते. लहान ठिकाणी बहुधा तो नसतो. उतरलेले विमान धावपट्टीच्याच टोकाला जाऊन वळते आणि त्याच पट्टीवरून उलटे चालत येते. ते बाहेर पडेपर्यंत धावपट्टी अडलेली असते. एकपदरी पुलावर समोरून बैलगाडी आली की आपण काय करतो? आवाज देतो, हात करतो, उत्तर आल्यावरच गाडी घालतो. वैमानिकाला हा हात रेडिओवरूनच करावा लागतो.

आता या बोलण्याची गोष्ट. शेतात पाइप जोडणारा माणूस विहिरीवरच्या पोराला ओरडून सांगतो, "मोटार सुरू करू नको!" वाऱ्याने शेवटचा "नको" उडून जातो. पोराला "सुरू कर" एवढेच ऐकू येते आणि तो बटण दाबतो. वायरमन खांबावर असताना असेच झाले तर काय होते, ते प्रत्येक गावाला माहीत आहे. म्हणून शहाणा माणूस पोराला म्हणतो, "मी काय सांगितलं ते परत सांग बरं." विमानाच्या जगातही नेमका हाच नियम आहे. "धावपट्टीच्या अलीकडे थांबा", "उतरायला परवानगी", "उड्डाणाला परवानगी", "धावपट्टी ओलांडा" यातला कोणताही आदेश नियंत्रकाने दिला की वैमानिकाने तो आपल्या विमानाच्या नावानिशी परत म्हणून दाखवायचा. नुसते "रॉजर" किंवा "ओके" चालत नाही. आणि वैमानिक जे परत म्हणतो ते नियंत्रकाने कान देऊन ऐकायचे. चुकीचे असेल तर तिथल्या तिथे दुरुस्त करायचे.

हा नियम किती मोलाचा आहे ते २७ मार्च १९७७ रोजी स्पेनच्या टेनेरिफ बेटावर दिसले. लॉस रोडिओस या तिथल्या बेताच्या विमानतळावर त्या दिवशी दुसरीकडची विमाने वळवली होती. जागा भरून गेली, म्हणून दोन जंबो विमाने धावपट्टीवरूनच चालवत न्यावी लागली. त्यात दाट धुके पडले. पुढे गेलेल्या केएलएमच्या विमानातून आवाज आला, "आम्ही आता टेक-ऑफला आहोत." नियंत्रकाला वाटले, हे तयार होऊन उभे आहे. तो "ओके" म्हणाला आणि "थांबा, मी सांगतो" असेही म्हणाला. त्याच क्षणी मागच्या पॅन अ‍ॅमच्या विमानाने "आम्ही अजून धावपट्टीवर आहोत" असे कळवले. रेडिओवर दोघे एकदम बोलले की दोघांचेही धड ऐकू येत नाही. केएलएमच्या वैमानिकांना "ओके" ऐकू आला, पुढे नुसती शिट्टी. विमान सुटले होतेच. ५८३ माणसे गेली. त्यानंतर नियम झाला, की खरोखर उड्डाणाची परवानगी देता-घेतानाच "टेक-ऑफ" हा शब्द वापरायचा, एरवी नाही.

कोणी म्हणेल, ती जंबो विमाने, आपल्याकडे कुठली? मग अमेरिकेच्या इलिनॉय राज्यातल्या क्विन्सीचे ऐका. तिथला विमानतळ आपल्या जिल्ह्याला शोभेल असा, नियंत्रण मनोरा नसलेला. अशा ठिकाणी वैमानिक एका ठरलेल्या लहरीवर आपापसात बोलून वाट काढतात. १९ नोव्हेंबर १९९६ रोजी एक छोटे प्रवासी विमान तिथे उतरत होते. एकमेकींना छेदणाऱ्या दुसऱ्या धावपट्टीच्या टोकाला दोन विमाने मागेपुढे उभी होती. उतरणाऱ्याने विचारले, "तुम्ही थांबणार का निघणार?" उत्तर मागच्याने दिले, की मी थांबलो आहे. त्याचे बोलणे मध्येच दुसऱ्या आवाजाने झाकले गेले. उतरणाऱ्याला वाटले, पुढचाच थांबला आहे. त्याने आभारही मानले. चूक कोणी दुरुस्त केली नाही. पुढचे विमान मात्र काहीच न बोलता निघाले. दोन्ही विमाने छेदावर धडकली आणि १४ जण गेले. धडकेतून वाचलेली माणसे दार उघडता न आल्याने धुरात गुदमरली, आणि विमानतळावर आग विझवणारे पथकही नव्हते. मोठ्या यंत्रांचा तुटवडा हे त्याचे कारण नव्हे. कोण बोलले, हे नीट विचारून घेतले नाही, एवढेच.

आपल्या राज्यातले अलीकडचे उदाहरण पुण्याचे आहे. १५ फेब्रुवारी २०२० रोजी लोहगावला एअर इंडियाचे विमान वेगात धावत असताना पुढे धावपट्टीवर जीप आणि माणूस दिसला. वैमानिकाने वेळेआधी विमान उचलले, शेपटीकडचा भाग जमिनीला घासला. विमान दिल्लीला सुखरूप उतरले म्हणून बरे. एवढ्या बंदोबस्ताच्या ठिकाणी जीप आड येते, तर आपल्या उघड्या माळावर काय?

आणि इथे आपल्यालाही आरशात पाहावे लागेल. लहान धावपट्टीवर सकाळी फिरायला जाणे, पोराला मोटारसायकल शिकवणे, शेळ्या सोडणे हे आपल्याकडे नवे नाही. "अहो, विमान रोज थोडंच येतंय?" असे म्हणतात. रोज येत नाही, हीच तर भीती आहे. रोज येणाऱ्या गाडीची आपल्याला सवय असते. कधीतरी येणाऱ्याची नसते.

पण सगळा दोष गावावर टाकून मोकळे होणेही बरोबर नाही. धावपट्टीसाठी जमीन गेली की बरेचदा गावाची पांदणही जाते. पलीकडच्या रानात जायला तीन किलोमीटरचा वळसा पडतो. मग भिंतीला भगदाड पडते आणि त्यातून माणसे, जनावरे ये-जा करतात. भिंत पुन्हा बांधली तरी ते पुन्हा पडते. पाटी लावून हे थांबणार नाही. वळणाचा पक्का रस्ता आधी द्या, मग भिंत घाला, असे आम्हाला स्पष्ट म्हणायचे आहे. धावपट्टीच्या सुरक्षिततेचा तो खर्च आहे, गावावर उपकार नव्हेत.

बाकीच्या मागण्याही आकाशातल्या नाहीत. विमाने उडतात तेवढा वेळ रेडिओवर शिकलेला माणूस बसलेला असावा. गवत कापणारा असो की दिवे दुरुस्त करणारा, धावपट्टीवर जाणाऱ्या प्रत्येकाने त्याला विचारून जावे, मिळालेला आदेश परत म्हणून दाखवावा आणि बाहेर आल्यावर "बाहेर आलो" असे कळवावे. आगीचा बंब तालुक्याच्या गावाहून येईल या भरवशावर विमान उतरवू नये.

वाचकहो, तुमच्या भागात विमानतळाची सभा होईल तेव्हा भाषणे ऐका, टाळ्याही वाजवा. पण उठून एवढे विचारा: धावपट्टी मोकळी आहे हे कोण सांगणार, ऐकणारा ते परत म्हणून दाखवणार का, आणि आमच्या पांदणीचे काय? उत्तर गुळमुळीत आले, तर गेटमनसारखे वागा. नंबर मिळाल्याशिवाय गाडी सोडू नका.