म्हशीला वासरू होत नाही

सहामाहीच्या पेपरात एका वाक्याचे भाषांतर विचारले होते. म्हैस आपल्या 'काफ'ला चाटते, असे ते वाक्य. गोठ्यात वाढलेल्या एका मुलाने लिहिले, 'म्हैस आपल्या रेडकाला चाटते.' तपासणाऱ्या सहकाऱ्यांनी अर्धा गुण कापला. कारण पाठामागच्या शब्दार्थांत 'काफ म्हणजे वासरू' असे छापले होते. मुलगा माझ्याकडे आला आणि म्हणाला, "गुरुजी, म्हशीला वासरू होत नाही."

मी सहकाऱ्यांना विचारले, तर त्यांनी मलाच इंग्रजीचे वैभव ऐकवले. गाईचे वासरू काफ, हत्तीचे पिल्लू काफ, देवमाशाचेही काफ. पायाची पोटरी काफ. वासराच्या कातड्याची पुस्तकबांधणीही काफ! एका शब्दात केवढे जग! मराठीत आहे असा शब्द?

आता या वैभवाचा हिशेब पाहू. पोटरीचा काफ हा वासराच्या काफचा सख्खा भाऊ नव्हे. कोशकार त्याचे मूळ वेगळे, जुन्या नॉर्स भाषेतले सांगतात. दोघांचे नाव गणपत असले म्हणून त्यांचा सातबारा एक होत नाही. उरलेले अर्थ मात्र खरे, आणि त्यांचे मला कौतुक आहे. हिमनदीचा कडा तुटून समुद्रात पडला की इंग्रज म्हणतो, हिमनदी व्याली. आइल ऑफ मॅन या बेटाच्या दक्षिणेला एक चिमुकले बेट आहे. त्याचे नाव 'काफ ऑफ मॅन'. मोठ्या बेटाला बिलगलेले वासरूच ते! ज्यांनी गोठा पाहिला होता त्यांनीच हे शब्द समुद्रापर्यंत नेले.

पण आमच्या पूर्वजांनी काय कमी केले? वत्स म्हणजे वासरू. त्यावरूनच वत्सल आणि वात्सल्य हे शब्द आले. आईच्या मायेला नाव देताना आमची भाषा गोठ्यात गेली, हे किती जणांच्या ध्यानात असते? आणि अल्पज्ञांत मिरवणाऱ्याला 'वासरांत लंगडी गाय शहाणी' म्हणून गप्प बसवणारी म्हणही त्याच गोठ्यातली.

तेव्हा भांडण इंग्रजीशी नाही. शिंगरू, करडू, कोकरू, पाडस यांना तिच्यातही स्वतंत्र शब्द आहेत. शब्द मोजून कोणी श्रीमंत ठरत नाही. भांडण आहे ते एका शब्दापुढे एकच प्रतिशब्द टांगून कुलूप लावणाऱ्या आमच्या शिकवण्याशी. परक्या शब्दाचे सहा अर्थ आम्ही कौतुकाने पाठ करतो आणि मुलाने घरून आणलेला अचूक शब्द लाल शाईने खोडतो. असा शब्द दोनदा खोडला गेला की मूल तो तिसऱ्यांदा उच्चारत नाही. भाषा मरते ती अशी, अर्ध्या अर्ध्या गुणाने.

वसुबारसेला आपण सवत्स धेनूची पूजा करतो. हळदकुंकू वाहणाऱ्या त्याच हातांत पुढे उत्तरपत्रिका येतात. मास्तरांनो, त्या मुलाचा अर्धा गुण आधी परत द्या. मग खुशाल इंग्रजीचे वैभव शिकवा.