एका ओळीची वर्गणी

पुण्याच्या सदाशिव पेठेतल्या एखाद्या अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षांच्या निकालाच्या दिवसांत तासभर बसून पाहावे. पुस्तक उघडे असते, पेन हातात असते आणि दर थोड्या वेळाने अंगठा मोबाइलकडे वळतो. भरतीचे संकेतस्थळ उघडायचे, पान खाली ओढून ताजे करायचे, ‘नवीन’ ही लुकलुकणारी पाटी शोधायची. ती महिन्यापूर्वीच्या परिपत्रकापुढेही लुकलुकत असते, म्हणून मग तारीख वाचायची. काही नाही. पुन्हा पुस्तक. दिवसभरात असे किती वेळा होते, याची मोजदाद तिथे अभ्यास करणारी मुलेही ठेवत नाहीत. शेवटी कंटाळून कुठल्यातरी क्लासच्या टेलिग्राम गटात नाव घालतात. तिथे निकालाची बातमी येते खरी, पण तिच्या आगेमागे अफवा, फी-सवलतीच्या जाहिराती आणि जुन्याच पीडीएफ येत राहतात.

या मुलांना त्या पानातली एक चौकट हवी असते. बाकीच्या पानाशी त्यांना कर्तव्य नसते. आणि नेमकी चौकटच मागून घेण्याची सोय ब्राउझरमध्ये एकेकाळी होती. १९ मार्च २००९ रोजी मायक्रोसॉफ्टने इंटरनेट एक्सप्लोररची आठवी आवृत्ती आणली, तिच्यात ‘वेब स्लाइस’ होते. पानाच्या ज्या भागाला ही सोय जोडलेली असेल, त्यावर माउस नेला की हिरवी खूण उमटे. ती दाबून होकार दिला की तेवढाच तुकडा ब्राउझरच्या वरच्या पट्टीत येऊन बसे. मूळ पानावर त्या भागातला मजकूर बदलला, की पट्टीतले त्याचे नाव ठळक होई. त्यावर टिचकी मारली की छोटी खिडकी उघडून नवा मजकूर समोर. ईबेवर एखाद्या वस्तूचा लिलाव चालू असेल तर चालू बोली आणि उरलेला वेळ एवढेच त्या खिडकीत दिसे.

संकेतस्थळ चालवणाऱ्याला यासाठी फार काही करावे लागत नव्हते. पानाच्या त्या भागाला एक कायमची ओळख द्यायची आणि ‘एच-स्लाइस’, ‘एन्ट्री-टायटल’, ‘एन्ट्री-कन्टेन्ट’ ही तीन ठरलेली नावे लावायची. किती मिनिटांनी पुन्हा येऊन पाहावे आणि मुदत कधी संपते, हेही तिथेच सांगता येई. ही रीत सर्वांना खुली होती. डॅनियल ग्लाझमान यांनी फायरफॉक्ससाठी ‘वेबचंक्स’ नावाचे पूरक साधन लिहून ती तिथेही नेली. ॲपलने तर त्याआधीच, ऑक्टोबर २००७ मध्ये आलेल्या मॅकच्या लेपर्ड प्रणालीत, वाचकाच्या हाती चक्क कात्री दिली होती. सफारीत कात्रीचे बटण दाबायचे, पान अंधुक होई, हवा तो चौकोन निवडायचा, की तो मॅकच्या ‘डॅशबोर्ड’ या पडद्यावर जाऊन बसे. संकेतस्थळवाल्याच्या तयारीचीही तिथे गरज नव्हती. पानाची मांडणी बदलली की कापलेला तुकडा चुके, हा तोटा होताच. तरीही आम्हांला ही कात्री जास्त मोलाची वाटते, कारण काय कापायचे हे वाचकच ठरवत होता.

दोन्ही सोयींत एक गोष्ट समान होती. वाचकाचा संगणक स्वतः जाऊन पाहून येत होता. त्यासाठी नाव, ईमेल, मोबाइल क्रमांक कुणाच्या हवाली करावा लागत नव्हता. कंटाळा आला की तुकडा काढून टाकायचा, विषय संपला. आज त्याच्या जागी ‘सूचना पाठवू का?’ असे विचारणारी खिडकी आहे. क्रोममध्ये ती २०१५ मध्ये आली. तिला एकदा होकार दिला की तो सबंध संकेतस्थळाला मिळतो. काय कळवायचे, कधी कळवायचे, दिवसातून किती वेळा, हे पाठवणारा ठरवतो. निकाल हवा असणाऱ्याला निकालाखेरीज सगळे मिळते. वर्गणीदार आणि वर्गणी गोळा करणारा यांची जागाच इथे बदलली आहे.

वेब स्लाइस का चालले नाही, याचे उत्तर लांबलचक नाही. एकाच कंपनीच्या ब्राउझरने ते मनापासून उचलले, आणि लोक तोवर मोबाइलकडे निघाले होते. शिवाय चौकट पाहून परत जाणारा वाचक बाजूच्या जाहिराती पाहत नाही, हे सगळ्यांनाच कळत होते. मग याच जातीच्या बाकीच्या सोयीही एकेक करून गेल्या. संकेतस्थळांवरचा नवा मजकूर एका जागी आणून देणारे गूगल रीडर १ जुलै २०१३ ला बंद झाले. फायरफॉक्सने डिसेंबर २०१८ मध्ये संकेतस्थळाच्या ताज्या नोंदी दाखवणारी आपली ‘लाइव्ह बुकमार्क’ ही सोय काढली. मॅकचा डॅशबोर्ड २०१९ मध्ये गेला आणि १५ जून २०२२ रोजी मायक्रोसॉफ्टने इंटरनेट एक्सप्लोररलाच निरोप दिला.

जाहिरातीवर जगणाऱ्यांचे हे गणित एकवेळ समजू शकते. सरकारी संकेतस्थळांना ते लागू होत नाही. राज्य कृषी पणन मंडळाच्या संकेतस्थळावर बाजारभावांचा तक्ता असतो: जात, आवक, कमीत कमी दर, जास्तीत जास्त दर, सर्वसाधारण दर. निफाडच्या कांदा उत्पादकाला त्यातली लासलगावची उन्हाळी कांद्याची एक ओळ हवी असते. ट्रॅक्टर आज भरायचा की कांदा चार दिवस चाळीत ठेवायचा, हे त्या ओळीवर ठरते. तीच गोष्ट धरणातल्या पाणीसाठ्याची आणि प्रवेशफेरीच्या वेळापत्रकाची. माहितीचा अधिकार अधिनियम २००५ चे कलम ४ सांगते, की सार्वजनिक प्राधिकरणाने होईल तितकी माहिती आपण होऊन, ठरावीक काळाने, इंटरनेटसह वेगवेगळ्या मार्गांनी लोकांना पुरवत राहावे. लोकांवर अर्ज करण्याची वेळ कमीत कमी यावी. पानाच्या तळाशी पीडीएफ चढवून ठेवली आणि शोधण्याचे काम लोकांवर टाकले, तर या कलमाचा हेतू पुरा होत नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे.

म्हणून मागणी अगदी छोटी आहे. निकाल, निविदा, दर, पाणीसाठा, वेळापत्रक यांच्या प्रत्येक चौकटीला न बदलणारी ओळख द्यावी, शेवटचा बदल कधी झाला ती वेळ तिथे यंत्राला वाचता येईल अशी लिहावी, आणि सूचनाफलकाची एक आरएसएस फीड, म्हणजे नव्या नोंदींची यंत्राला वाचता येणारी यादी, द्यावी. त्यासाठी नवे ॲप काढू नये, लोकांचा मोबाइल क्रमांक मागू नये. एवढे झाले तर वेब स्लाइसची उरलेली बाजू आपल्याकडचा एखादा अभियांत्रिकीचा विद्यार्थी सुट्टीत लिहून काढील, आणि अभ्यासिकेतला तो मोबाइल निकाल लागेपर्यंत दप्तरातच राहील.