एका दाताची साक्ष

मुलांच्या डायनासोरच्या पुस्तकांत ‘ट्रूडॉन’ अनेकदा भेटतो. पक्ष्यासारखा, छोटा, मांसाहारी आणि म्हणे सर्वांत हुशार! पण हे नाव १८५६ मध्ये जोसेफ लेडी यांनी दिले, ते अमेरिकेतील मोंटाना भागात सापडलेल्या एकाच दाताला. तो त्यांना सरड्याचा वाटला होता. पुढे कॅनडात मिळालेली हाडेही याच नावावर जमा झाली. २०१७ मध्ये संशोधकांनी ती वेगळी काढली आणि एका दातावरून जात ठरत नाही, असे मांडले. हा प्रामाणिकपणा आम्हाला मोलाचा वाटतो. सूरह हुजुरातमध्येही बातमीची शहानिशा करण्याचा हुकूम आहे. मोबाईलवरच्या एका ओळीवरून कुणा भावा-बहिणीबद्दल मत बनवण्याआधी आपण विचारू या, आपल्या हाती सांगाडा आहे की नुसता दात?