औंढ्याच्या माळावरचे हात

औंढा नागनाथजवळ उभी राहणारी लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा हिंगोली जिल्ह्यासाठी मोठीच गोष्ट आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल 2023 मध्ये 2,600 कोटींच्या या प्रकल्पाला मंजुरी दिली. काटकोनात पसरलेल्या, प्रत्येकी चार किलोमीटरच्या दोन भुजांमधून लेझरचा झोत धावेल आणि प्रोटॉनच्या व्यासाहूनही कितीतरी सूक्ष्म असा लांबीतला फरक टिपला जाईल.

आज संगणक क्षणात मजकूर लिहितो, चित्र काढतो, प्रोग्रामही रचतो. त्यामुळे तंत्रज्ञाचे आणि कलावंताचे मोल घसरले, असे म्हणणाऱ्यांनी हा प्रकल्प नीट पाहावा. जवळजवळ पूर्ण निर्वात ठेवायच्या पोलादी नळीचा एक जोड गळका निघाला, तर पुढची सारी आकडेमोड व्यर्थ. तो जोड भरणारा वेल्डर, आरसे टांगणारा तंत्रज्ञ, कंपने शोधणारा अभियंता यांच्यावाचून विश्वाचा कानोसा घेता येणार नाही.

प्रश्न आपल्या मुलांचा आहे. वसमत, कळमनुरी, सेनगावची आयटीआय शिकलेली मुले तिथे केवळ पहारेकरी म्हणून उभी राहू नयेत. निर्वात तंत्र, सूक्ष्म वेल्डिंग, इलेक्ट्रॉनिक्स यांचे प्रशिक्षण जिल्ह्यातच, आत्ताच सुरू करा. हे विज्ञान गावच्या मराठीत सांगणारे लेखक, चित्रकार, चित्रफीतकारही लागतील. त्यांना सत्काराची शाल नको, कामाचा रीतसर मोबदला हवा. जिल्हा नियोजन समितीने यासाठी स्वतंत्र तरतूद करावी.