विश्लेषण : आमदाराकडे मागायचे काय? शिफारसपत्र की सभागृहात प्रश्न?

लोकप्रतिनिधीचे संपर्क कार्यालय म्हटले की महाराष्ट्रात एक ठरलेले चित्र डोळ्यांसमोर येते. सकाळपासून बाहेर गर्दी आणि प्रत्येकाच्या हातात एक कागद. कुणाला मुलाचा शाळाप्रवेश हवा असतो, कुणाला बदली, कुणाला रुग्णालयात खाट. स्वीय सहायक लेटरहेडवर चार ओळी टंकतो, साहेब सही करतात आणि माणूस समाधानाने घरी जातो. दोन निवडणुकांच्या मधल्या पाच वर्षांत नागरिक आणि प्रतिनिधी यांचे नाते बहुतांशी या शिफारसपत्रापुरते उरले आहे. प्रतिनिधीला गाठणे हा लोकशाहीतला सहभागच आहे. पण त्याच्याकडे मागायचे काय, हे चुकले तर सहभागाची जागा मनधरणी घेते.

कोणते काम कोणाचे?

पहिला गोंधळ पत्त्याचा होतो. गटार, कचरा, गल्लीतला रस्ता आणि नळाचे पाणी हे विषय शहरात नगरसेवकाचे आणि गावात ग्रामपंचायत सदस्याचे. प्राथमिक शाळा, प्राथमिक आरोग्य केंद्र आणि गावांना जोडणारे बरेच रस्ते जिल्हा परिषदेकडे असतात. पोलीस, पाटबंधारे, एसटी आणि राज्य महामार्ग हे राज्य सरकारचे विषय, म्हणून ते आमदाराकडे न्यायचे. रेल्वे, टपाल, पासपोर्ट, भविष्य निर्वाह निधी आणि राष्ट्रीय महामार्ग यांसाठी खासदार. राज्यात विधानसभेचे २८८ आमदार आणि लोकसभेचे ४८ खासदार आहेत. तुंबलेल्या गटारासाठी खासदाराला गाठले, तर तोही ते पत्र महापालिकेकडेच पाठवणार.

हा गोंधळ केवळ नागरिकांच्या अज्ञानातून झालेला नाही. मुंबई, पुणे, नागपूर या महापालिकांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि त्यानंतर तीन वर्षांहून अधिक काळ तिथला कारभार प्रशासकांनी पाहिला. दार ठोठवायला नगरसेवकच नव्हता, म्हणून लोक आमदाराकडे गेले. राज्याचे कायदे करण्यासाठी निवडलेला माणूस गल्लीतल्या दिव्यांची तक्रारवही झाला.

शिफारसपत्राने बिघडते काय?

उत्पन्नाचा, जातीचा किंवा रहिवासाचा दाखला ठरलेल्या मुदतीत मिळणे हा महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ नुसार नागरिकाचा हक्क आहे. मुदत टळली तर त्याच विभागात पहिले आणि दुसरे अपील करता येते, तिसरे लोकसेवा हक्क आयोगाकडे. सेवा देण्यात कसूर करणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. अशा कामासाठी आमदाराचे पत्र नेले की हक्काची मेहेरबानी होते. पत्रवाला रांगेत पुढे सरकतो आणि ज्याची ओळख नाही तो मागे ढकलला जातो. पत्र देणारा उपकारकर्ता ठरतो आणि त्या उपकाराची आठवण निवडणुकीत करून दिली जाते.

दुसरे नुकसान याहून मोठे आहे. पत्राने एकाचे काम होते, दुखणे मात्र तसेच राहते. प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉक्टर नसेल, तर एका रुग्णाला जिल्हा रुग्णालयात खाट मिळवून देणे ही त्या दिवसापुरती मदत झाली. जिल्ह्यातील किती केंद्रांत वैद्यकीय अधिकाऱ्याचे पद रिक्त आहे, केव्हापासून आहे आणि भरती कोणत्या टप्प्यावर आहे, हे मंत्र्याला सभागृहात विचारणे हे आमदाराचे खरे काम. ते दुसऱ्या कुणालाही करता येत नाही.

प्रश्नाची ताकद किती?

लोकसभेत कामकाजाचा पहिला तास प्रश्नोत्तरांचा असतो. एका दिवशी २० तारांकित प्रश्न सूचीत येतात. त्यांना मंत्री तोंडी उत्तर देतात आणि त्यावर उपप्रश्न विचारता येतात. लेखी उत्तराचे अतारांकित प्रश्न दिवसाला २३० पर्यंत असतात. ही उत्तरे कायमची नोंदली जातात आणि कुणालाही वाचता येतात. मंत्र्याने दिलेले आश्वासन तीन महिन्यांत पूर्ण व्हावे अशी अपेक्षा असते आणि त्यावर नजर ठेवायला स्वतंत्र समिती आहे. राज्य विधिमंडळात तारांकित प्रश्नांखेरीज लक्षवेधी सूचना, अर्धा तास चर्चा आणि औचित्याचा मुद्दा ही आयुधे आमदाराच्या हाती असतात.

प्रश्नाचे मोल किती, हे डिसेंबर २००५ मध्ये देशाला वेगळ्या रीतीने कळले. संसदेत प्रश्न विचारण्यासाठी पैसे घेतल्याच्या प्रकरणात लोकसभेच्या १० आणि राज्यसभेच्या एका सदस्याला सदस्यत्व गमवावे लागले. ज्यासाठी कुणी पैसे मोजायला तयार होते, तो प्रश्न मतदाराला एका पत्राने मागता येतो. मागणारे मात्र फार थोडे.

व्हीपपुढे आमदार काय करणार?

हा आक्षेप रास्त आहे. १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्यामुळे पक्षादेशाविरुद्ध मत दिल्यास सदस्यत्व धोक्यात येते. त्यामुळे ‘या विधेयकाविरुद्ध मत द्या’ अशी विनवणी करणारे पत्र बहुधा वाया जाते. पण पक्षांतरबंदीची ही टांगती तलवार मतदानापुरती असते. प्रश्न विचारणे, लक्षवेधी मांडणे, समितीत दुरुस्ती सुचवणे यांसाठी कुणाचे सदस्यत्व जात नाही. सत्ताधारी आमदारही आपल्याच मंत्र्याला अडचणीचे प्रश्न विचारतात, हे प्रत्येक अधिवेशनात दिसते.

विधेयक समितीकडे गेले की नागरिकाला थेटही बोलता येते. महाराष्ट्र विशेष जनसुरक्षा विधेयक संयुक्त समितीकडे गेले तेव्हा बारा हजारांहून अधिक सूचना-हरकती आल्या. जुलै २०२५ मध्ये ते मंजूर झाले तेव्हा मूळ मसुद्यातील काही तरतुदी बदललेल्या होत्या. विरोधकांना ते बदल अपुरे वाटले आणि कायद्याविषयीचा वाद मिटला नाही. तरी, लोकांनी लिहिल्याने मसुद्याचा शब्दही हलत नाही, असे मात्र म्हणता येणार नाही.

पत्र कसे असावे?

एका पत्रात एकच विषय, शक्यतो एकाच पानात. ठिकाण, समस्या केव्हापासून आहे, आधी कुठे तक्रार केली आणि तिचा क्रमांक काय, एवढे पुरते. शेवटी ‘योग्य ती कार्यवाही व्हावी’ असे मोघम न लिहिता नेमकी मागणी करावी : हा प्रश्न येत्या अधिवेशनात विचारावा. प्रश्नाचा मसुदाही सोबत जोडावा. वेळही महत्त्वाची. लोकसभेत प्रश्नाची सूचना किमान १५ दिवस आधी द्यावी लागते, त्यामुळे अधिवेशन सुरू झाल्यावर दिलेले निवेदन बहुतेकदा उशिराचे ठरते. पत्राची शिक्क्यानिशी पोच घ्यावी आणि महिनाभराने विचारणा करावी.

एकट्याच्या सहीपेक्षा अनेकांच्या सह्यांना वजन असते. गावात तर त्यासाठी ग्रामसभा आहे. वर्षातून किमान चार वेळा ती भरवावी लागते, आणि तिच्या ठरावाची प्रत जोडलेले निवेदन बाजूला सारणे कुठल्याही आमदाराला जड जाते. विधिमंडळात विनंती अर्ज समिती आहे. लोकसभेतही जनतेची याचिका मांडता येते, मात्र तिच्यावर एखाद्या खासदाराची प्रतिस्वाक्षरी लागते.

उत्तरच आले नाही तर?

इथे व्यवस्थेतली मोठी फट दिसते. खासदाराच्या पत्राची पोच १५ दिवसांत आणि त्यापुढील १५ दिवसांत उत्तर द्यावे, अशा सूचना केंद्र सरकारच्या कार्यालयांना आहेत. माहिती अधिकारात अधिकाऱ्याला ३० दिवसांत उत्तर द्यावे लागते. मतदाराच्या पत्राला प्रतिनिधीने किती दिवसांत उत्तर द्यावे, याचे बंधन मात्र कोणत्याही कायद्यात नाही. प्रशासनाने प्रतिनिधीला बांधील राहायचे आणि प्रतिनिधीने मतदाराला नाही, हा न्याय उफराटा आहे.

त्यासाठी नव्या कायद्याची वाट पाहण्याचे कारण नाही. किती पत्रे आली, किती मंत्र्यांकडे पाठवली, कितींचे प्रश्न झाले, हे प्रत्येक अधिवेशनानंतर जाहीर करायला आमदार-खासदारांना कुणी अडवलेले नाही. कार्यअहवालात भूमिपूजनांची छायाचित्रे असतात, त्यात हे एक पानही असावे. आणि मते मागायला आलेल्या विद्यमान प्रतिनिधीकडे ते पान मागायला मतदारांनाही कुणी अडवलेले नाही.